चिचगड–नागपूर, मार्गे 1702

पहाटेची गाडी धरायची म्हणून तुम्ही अंधारातच घराबाहेर पडता. नोव्हेंबर सरत आलाय. बांध्यांतलं धान कापून झालंय, खळ्यावर पुंजणे लागलेत आणि दवाने जड झालेला तणसाचा वास पार रस्त्यापर्यंत आलाय. स्टँडवर चारपाच जण. एकाच्या हातात एक्स-रेचं पाकीट, दुसऱ्याच्या काखेत प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा आणि त्याच्या झेरॉक्स.

चिचगडचा माणूस नागपूरला उगाच जात नाही. मेडिकलमध्ये कुणाला तरी दाखवायचं असतं, कोर्टात तारीख असते, नाहीतर कुठल्याशा खिडकीवर कागद द्यायचा असतो. काम झालं की, किंवा झालं नाही तरी, संध्याकाळची गाडी. सीताबर्डीचा किल्ला, झिरो माईल, अजबबंगला ही ठिकाणं आपण पाहिली ती बसच्या खिडकीतून, सिग्नलला गाडी थांबली तेवढ्यापुरती. ती नागपूरवाल्यांची. आपण तिथे पाहुणे, तेही न बोलावता आलेले.

कंडक्टर तिकीट फाडून हातात देतो. चिचगड ते नागपूर, मार्गे 1702. मशीन बिघडलं असेल, असं म्हणून तुम्ही ते खिशात घालता.

देवरीपर्यंत दोन्ही बाजूंनी जंगल. देवरीला गाडी महामार्गाला लागते. आता याचा नंबर 53, आपल्या तोंडात अजून 6 बसलेला. इंग्रज याला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी करत रायपूर आणि पुढे संबलपूर. साकोलीच्या पुढे डोळा लागतो. जाग येते ती घुंगरांनी. बाहेर ट्रक नाहीत. बंजाऱ्यांचा तांडा चाललाय, शेकडो बैल, प्रत्येकाच्या पाठीवर दोन्हीकडे लोंबणारी धान्याची गोणी. छत्तीसगडचा दाणा नागपूरकडे, परतताना मीठ. रस्ता म्हणजे बैलांच्या खुरांनी पडलेली वाट. भंडाऱ्याला वैनगंगेवर पूल नाही. तुम्ही डोंग्यात बसून पलीकडे जाता, आणि नावाडी तुमच्याकडे भाडं मागत नाही, कारण तुमच्या डोक्यावर आता ओझं आहे. बांबूची मोळी. ती कधी आली, कळलंच नाही.

आजच्या प्रवासाचा नियम एवढाच. ज्या सनात उतराल, त्या सनातलं शहर तुम्हाला तुमच्याजोगं काम देईल. आणि पूर्वेकडून आलेल्या माणसाला शहराने कोणत्या सनात काय काम दिलं असेल, हे काही फार डोकं चालवून ओळखायची गोष्ट नाही.

उतरता तिथे गणेशपेठचा स्टँड नाही. स्टँड व्हायला अजून अडीचशे वर्षांहून जास्त वेळ आहे. समोर नाग नदी वाहतेय. तळ दिसतो तिचा. आज गणेशपेठेत उतरणाऱ्याला हे सांगून पटायचं नाही. आजूबाजूला बारा लहानलहान वाड्या आहेत, सगळ्यांना मिळून नाव राजापूर बारसा. कुडाच्या भिंती, मधे झुडपं, ढोरांच्या वाटा. त्या वाटांवर आज माणसं दोऱ्या ताणतायत, खुंट्या ठोकतायत. रस्ते आखले जातायत. एक मुकादम तुम्हाला ओझं खाली ठेवायला सांगतो, आणि सांगतो ते गोंडीत.

इथे जरा थांबा. ज्या शहराच्या कचेरीत गोंडी बोलणारी म्हातारी आज दुभाषा शोधत फिरते, त्या शहराची पहिली खुंटी ठोकायचा हुकूम ज्याचा होता तो देवगडचा गोंड राजा. बख्त बुलंद शाह. भावकीच्या भांडणात गादी गेली म्हणून तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला, बादशहाकडून हे नाव घेऊन आला. बख्त बुलंद म्हणजे ज्याचं नशीब थोर. पुढे त्याने मोगलांच्याच मुलखात घोडी घातली, तेव्हा चिडलेल्या बादशहाने म्हणे फर्मावलं की याला आता निगून बख्त म्हणा, उलट्या नशिबाचा. इकडे त्या उलट्या नशिबाच्या माणसाने डोंगरातला देवगड मागे ठेवून मैदानात, नदीकाठी, नवी राजधानी मांडायला घेतली. उत्तरेची मोठी शहरं त्याने पाहिली होती. आपल्या मुलखालाही असं शहर हवं, एवढा साधा हट्ट. शेतकरी, कारागीर, व्यापारी, हिंदू, मुसलमान, जो कामाचा तो त्याने बोलावून वसवला. पुस्तकं नागपूरच्या स्थापनेचं साल 1702 देतात. तुमच्या हातातल्या बांबूला ते माहीत नाही. तो कुठल्या तरी घराच्या कुडाला लागतो आणि संपतो.

चार पावलं टाकता तर पायाखाली माती ओली. डोक्यावर मोळी नाही, टोपलं आहे. पुढे-मागे बायामाणसांची रांग, सगळ्यांच्या डोक्यावर टोपली, आणि रांग जिथे जाऊन रिकामी होते तिथे पाळ वर चढतेय. बख्त बुलंदानंतर आलेला चांद सुलतान ओढा अडवून शहरासाठी तलाव करतोय. शहराभोवती कोट आणि वेशीही त्याच्याच काळातल्या. तलावाला नाव पडलं जुम्मा तलाव. पुढे कुणीतरी जुम्म्याचं सरळ भाषांतर केलं आणि तो शुक्रवारी तलाव झाला. मग गांधीसागर. आज त्याच्या काठावर बसून तर्रीपोहे खाणाऱ्याला विचारा, तलाव कुणाचा? तो महानगरपालिकेचा म्हणेल, आणि कागदोपत्री त्याचं चूक नाही.

पाळ मात्र तुम्हाला ओळखीची वाटते. माती कशी टाकायची, कशी तुडवायची, पाणी सोडायचं तुडुम कुठे ठेवायचं, हे हातांना सांगावं लागत नाही. तुमच्या मुलखात हीच विद्या आहे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळीने बांधला तोही अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच, म्हणजे नागपूर आणि नवेगावबांध हे जवळजवळ एका वारगीचे. तिकडे सात बहिणींच्या डोंगरांमधली फट बांधून काढली आणि धानाला पाणी दिलं, इकडे ओढा बांधून शहराला. फरक पुढे पडला. आपले बोड्या-तलाव मालगुजारी गेल्यावर मामा तलाव झाले, माजी मालगुजारी, आणि गाळाने भरत राहिले. हा गांधीसागर झाला.

त्याच काठावर क्षणभर धूर दिसतो, उंच धुराडं दिसतं, भोंगा ऐकू येतो. टोपलं डोक्यावर तसंच असतं, फक्त आता तुम्ही दलदल बुजवताय. जमशेटजी टाटांनी तलावाजवळची ही स्वस्तातली पाणथळ जागा कापडगिरणीसाठी घेतली तेव्हा एका सावकाराने भांडवल द्यायला नकार दिला म्हणतात, सोनं मातीत पुरायला मी वेडा नाही म्हणून. 1 जानेवारी 1877 ला, दिल्लीत व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून ती एम्प्रेस. भोंगा कायमचा बंद झाला 2002 मध्ये. आता तिथे मॉल आहे आणि मॉलच्या नावात अजून तीच राणी आहे.

महाल भागात फार वेळ नको. तिथली गोष्ट आपल्या गावातल्या वाटणीच्या भांडणासारखीच आहे. चांद सुलतान गेल्यावर गादी बळकावली वली शाहने. विधवा राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघूजी आले, राणीच्या मुलांना गादी मिळवून दिली, मेहनताना घेऊन परतले. मग ती मुलं, बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह, आपसात भांडली. रघूजी पुन्हा आले, आणि या वेळी गेले नाहीत. 1743. बुऱ्हाण शाह नावापुरता राजा राहिला, पेन्शनीवर. गोंड राजाचा किल्ला महालातच होता, भोसल्यांच्या वाड्यांपासून हाकेच्या अंतरावर. भांडण मिटवायला बोलावलेला पाहुणा घरमालक होतो, हे पाहायला नागपूरला यायची गरज नाही, असं तुम्ही पुटपुटता आणि पुढे निघता.

आता टेकडी.

दिवस बुडालाय. 26 नोव्हेंबर 1817. पाठीवर पोतं आहे, धान्याचं, आणि तुम्ही चढण चढताय. सीताबर्डीला तेव्हा किल्ला नाही, हे आधी ध्यानात घ्या. आज आपण ज्याला किल्ला म्हणतो तो या रात्रीच्या नंतर बांधला. आत्ता आहेत त्या दोन उघड्याबोडक्या टेकड्या, एक मोठी, एक धाकटी, मधे खिंड. शीतलप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोघा गवळी भावांवरून शीतलबद्री, त्याचं सीताबर्डी, अशी लोकांची व्युत्पत्ती. पश्चिमेच्या पायथ्याला इंग्रज रेसिडेंटचा बंगला. रेसिडेंटचं नाव रिचर्ड जेंकिन्स. दोन दिवसांपूर्वी अप्पासाहेब भोसल्यांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रं दरबार भरवून स्वीकारलीत. पुण्याला पेशव्यांनी रेसिडेन्सी जाळली त्याला तीन आठवडे झालेत. तेव्हा पुढे काय होणार ते दोन्ही बाजूंना ठाऊक आहे.

तुम्ही पोतं खाली टाकता. त्यावर दुसरं पोतं, त्यावर तिसरं. तटबंदी हीच. गोळ्या अडवायला धान्य. कुठल्या बांधीतलं, कुणाच्या खळ्यावरून उचललेलं, विचारायची सोय नाही. कंपनीकडे जेमतेम चौदाशे माणसं, आणि त्यातलीही बहुतेक मद्रासकडची आणि बंगालकडची, तुमच्यासारख्याच रंगाची. समोर अप्पासाहेबांचे अठरा हजार, त्यात तीनेक हजार अरब, आणि सगळा भरवसा त्या अरबांवर.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला पहिली फैर झडते. मग रात्रभर थांबत नाही. दोनच्या सुमाराला जरा उसंत. धाकट्या टेकडीवरून जखमी येतात, त्यांच्या जागी नवे जातात, परत येतात. तुम्हाला पाणी वाहायला लावलंय. थंडी आहे, आणि मडक्याला हात लावला की पाण्यात दारूगोळ्याची राख तरंगताना दिसते. रेसिडेंटचा मदतनीस सोथेबी मारला जातो. उजाडल्यावर अरब धाकटी टेकडी घेतात आणि तिथलीच तोफ मोठ्या टेकडीकडे वळवतात. संपलं, असं सगळ्यांनाच वाटतं.

मग दोन गोष्टी होतात. खाली मैदानात कॅप्टन फिट्झगेराल्ड नावाचा घोडदळाचा अधिकारी वरचा हुकूम मोडून तीन तुकड्यांनिशी तोफांवर घोडे घालतो. आणि धाकट्या टेकडीवर अरबांमधे दारूगोळ्याचा एक गाडा उडतो. त्या धुरात मोठ्या टेकडीवरचे शिपाई खाली धावतात. दुपार होईतो मैदान रिकामं. कंपनीकडचे मेलेले आणि जखमी मिळून 367. भोसल्यांकडचे कुणी नीट मोजले नाहीत. आणि पाणी वाहणारे कुठल्याच हिशेबात धरत नसत.

शाळेत इथे धडा संपत असे. पण अप्पासाहेबांची गोष्ट इथे संपत नाही, आणि तुमच्या कामाची गोष्ट इथूनच सुरू होते. 1818 च्या मे महिन्यात, कैदेत अलाहाबादकडे नेत असताना, ते शिपायाच्या वेषात निसटले. गेले कुठे? महादेवाच्या डोंगरात, पचमढीकडे, गोंडांच्या आसऱ्याला. ज्यांचं राज्य पणजोबांनी पेन्शनीवर बसवलं, त्यांच्याच जंगलात पणतूला लपायला जागा मिळाली. आणि त्याच वर्षी वैनगंगेच्या अलीकडे, कामठ्याच्या चिमणा पटेलाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला. हा कामठा आपला, गोंदियाजवळचा. नागपूरवाल्यांना कामठी ठाऊक असते, कामठा नसतो. कॅप्टन गॉर्डनची फौज येऊन कामठा पडला तेव्हा पावसाळा सरत होता. सीताबर्डीच्या लढाईचा शेवटचा अंक खरं तर धानाच्या बांध्यांत झाला, एवढं कुणीतरी त्या टेकडीखालच्या फलकावर लिहायला हवं.

अजून एक. तोच जेंकिन्स पुढे नागपूरचा कारभार पाहू लागला आणि 1827 मध्ये त्याने या मुलखाचा मोठा अहवाल लिहिला. बख्त बुलंदाने शेती, व्यापार, कारागिरी कशी वाढवली, जातधर्म न पाहता माणसं कशी पारखली, हे आपल्याला आज कळतं ते बरंचसं त्याच अहवालातून. पोत्यांच्या आडून गोळ्या चुकवणाऱ्या माणसाने गोंड राजाची आठवण लिहून ठेवली. इतिहासाला लाज नसते.

किल्ल्याचा दरवाजा आज बंद आहे. तो लष्कराच्या ताब्यात, 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला उघडतो. तुम्ही धाकट्या टेकडीकडे वळता. तिथे टेकडीचा गणपती आहे, बाहेर नारळवाल्यांची रांग, पलीकडे रेल्वेची शिटी. गणपतीला हात जोडणाऱ्या गर्दीत तोफेची जागा शोधू नका. धक्के बसतील.

तिथून झिरो माईल चालत दहा मिनिटं. तुम्ही पोचता तेव्हा साल 1907 असतं आणि तुमच्या हातात एक लांब, रेघा आखलेली पट्टी. तुम्ही खलाशी आहात. समुद्राशी संबंध नाही. सर्व्हेवाल्यांच्या हाताखाली साखळ्या, पट्ट्या, छत्र्या धरणाऱ्यांना हेच नाव. लांबवर तिपाईवरच्या दुर्बिणीतून साहेब पाहतोय. पट्टी हलली की ओरडतो. समुद्राच्या भरती-ओहोटीची वर्षानुवर्षं नोंद करून त्याची सरासरी पातळी ठरवली आहे, आणि तिथून टप्प्याटप्प्याने, एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर, उंची मोजत हे लोक देशाच्या पोटात इथवर आलेत. दगडावर उंची कोरतात ती 1020.171 फूट. शेवटचे तीन आकडे तुम्ही हात न हलवल्यामुळे.

या दगडाला सगळा महाराष्ट्र भारताचा मध्यबिंदू म्हणतो. त्याच्याजवळच्या चार घोड्यांच्या पुतळ्यांसमोर उभं राहून लोक फोटो काढतात. वाईट वाटून घेऊ नका, पण हा दगड म्हणजे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची उंचीची एक पक्की खूण. त्या सर्वेक्षणाने अक्षांश-रेखांशांची मोजणी जिथून धरली ते ठिकाण मध्य प्रदेशात सिरोंजजवळचं कल्याणपूर. मध्यबिंदूची गोष्ट पुढे चिकटली असावी. शहराची राजधानी गेली की असं काहीतरी लागतं. (1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत नागपूर राजधानी होतं. ते दुःख अजून जुन्या वकिलांच्या बोलण्यात येतं.)

खरी गोष्ट मात्र जवळच, हिंगणघाटला पुरली आहे. 1802 मध्ये मद्रासला हे मोजमाप सुरू करणारा विल्यम लॅम्बटन, अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट माणसांच्या आणि बैलांच्या जिवावर देशभर फिरवत, हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवायला निघाला होता. हिंगणघाटला 20 जानेवारी 1823 ला गेला. कबर तिथेच आहे. नागपूर त्याला दिसलं नाही.

दगडी खांबावर मैल कोरलेत. हैदराबाद 318. जबलपूर 170. शिवणी 79. रायपूर 174. तुम्ही बोटाने चाचपत खाली येता. भंडारा नाही, देवरी नाही, चिचगड तर नाहीच. रायपूरच्या रस्त्यावरच आहोत आपण, मधे कुठेतरी.

बोट खांबावर असतानाच मागून आवाज येतो. हजारो माणसांचा. वळून पाहता तर सन 1994, नोव्हेंबरची 23 तारीख, आणि हातात पट्टी नाही. या खेपेला शहराने तुम्हाला काम दिलेलं नाही. तुम्ही मोर्चात आहात.

आजूबाजूला गोवारी. तुम्ही यांना ओळखता. गावची ढोरं चारणारे, दिवाळीला गायगोधनाच्या दिवशी ढाल घेऊन नाचणारे. मागणी एकच, आम्हाला अनुसूचित जमातीत घ्या. सरकारी यादीत ‘गोंड गोवारी’ असं लिहिलंय; गोंडही आणि गोवारीही, का गोंडांतले गोवारी, सगळा जन्म त्या दोन शब्दांच्या मधल्या जागेत अडकलेला. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू आहे. विधानभवन इथून दिसतं म्हणण्याइतकं जवळ. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला पोलिसांनी अडवलंय. सकाळपासून बसलेत लोक, बायकांच्या मांडीवर पोरं, शिदोऱ्या सोडून खाऊन झाल्यात. कुणीतरी येईल, निवेदन घेईल, या आशेवर दिवस कलतो. कुणी येत नाही.

मग रेटा येतो. लाठ्या. पळायला वाट नाही, पुढे कठडे, मागे माणसं. तुमच्या पायाखाली जे येतं ते पाहू नका.

114 माणसं मेली. बहुतेक बायका आणि मुलं.

आज तिथे स्मारक आहे आणि वरून गेलेल्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे. नाव लांब आहे म्हणून ऑटोवाले बर्डीचा पूल म्हणतात. 2018 मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. 2020 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दर 23 नोव्हेंबरला लोक येतात, फुलं ठेवतात. गेल्या चार दिवसांतली काही अजून तिथे आहेत, वाळलेली. झिरो माईलचे घोडे इथून सहज दिसतात. फोटो काढायला आलेली माणसंही.

तुम्हाला बसायला जागा हवी असते, म्हणून अजबबंगल्यात जाता. 1863 चं संग्रहालय, थंडगार, उंच छताचं. एका कपाटात तांब्याची हत्यारं आहेत, चपटी कुऱ्हाडीची पाती, हिरवट झालेली. ती गुंगेरियाची. बालाघाट जिल्ह्यातलं गाव, आपल्या जिल्ह्याच्या शेजारचं. 1870 मध्ये ढोरं चारणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून धातूचा तुकडा वर आलेला दिसला. ओढला. हाताने उकरलं. निघाले तांब्याचे 424 नग आणि चांदीचे 102 पत्रे. नुसतं तांबंच 829 पौंड. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातली म्हणतात ती. त्या साठ्यातलं काही लंडनला गेलं, काही इथे राहिलं. ढोरं चारणाऱ्या पोरांची नावं कपाटावर नाहीत. तुम्ही आत्ताच टी-पॉइंटवरून आलेले असता, त्यामुळे कपाटासमोर जरा जास्त वेळ उभे राहता.

मग टेंपल रोडने हिस्लॉप कॉलेजकडे. या रस्त्यावर देऊळ शोधणारे खूप. रस्ता सर रिचर्ड टेंपलच्या नावाचा आहे, मध्यप्रांताचा चीफ कमिशनर. कॉलेजच्या फाटकावरचं नाव वाचता वाचता उजेड पिवळा होतो. कंदिलाचा. साल नीट कळत नाही, 1850 आणि 1863 च्या मधलं काहीतरी. या वेळचं काम सोपं आहे: ऐकत बसायचं.

समोर एक स्कॉटिश पाद्री. स्टीफन हिस्लॉप. 1845 मध्ये नागपूरला आला, शाळा काढली, फावल्या वेळात दगड गोळा केले. एका खनिजाला त्याचं नाव आहे. त्याच्यासमोर बसलाय एक परधान. परधान म्हणजे गोंडांची पिढ्यान्पिढ्यांची स्मृती, गाऊन सांगणारा. तो गातोय आणि पाद्री लिहून घेतोय. एक ओळ झाली की थांबवतो, पुन्हा म्हणायला लावतो. परधान कंटाळत नाही; त्याला वाटतं या माणसाचं पाठांतर कच्चं आहे.

गाणं लिंगोचं आहे. गोंडांचे देव गुहेत कोंडले गेले आणि लिंगोने त्यांना सोडवलं, त्याचं. गाण्यात जागेचं नाव येतं, काचीकोपा लोहागड. पाद्री ते जपून लिहितो. ही जागा नकाशात कुठे, ते त्याला कळत नाही. तुम्हाला कळतं. गोंड लोक आज ज्याला तेच ठिकाण मानतात ते कचारगड, सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनापासून पायी. माघ पुनवेला तिथे लाखांनी माणूस जमतो, छत्तीसगडहून, तेलंगणातून, आणि चिचगडहून ट्रॅक्टरने. तुम्ही सांगायला तोंड उघडता. आवाज फुटत नाही. नियम आहे.

4 सप्टेंबर 1863. टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून हिस्लॉप परत येत होता, पाऊस होता, पूर आलेल्या नाल्यात घोडं घातलं आणि बुडाला. कागद मात्र घरी होते. टेंपलने ते निस्तरून 1866 मध्ये छापले. परधानाचं गाणं पहिल्यांदा कागदावर आलं ते असं, गोंड राजाने वसवलेल्या शहरात, परक्या लिपीत, बुडालेल्या माणसाच्या नावावर. हिस्लॉप गेल्यावर वीस वर्षांनी त्याच्या नावाचं कॉलेज निघालं. आज तिथे आपल्या तालुक्यातलीही पोरं असतात. खोली भाड्याने घेऊन राहतात, डबा लावतात, घरून तांदूळ येतो.

संध्याकाळच्या गाडीला गर्दी आहे. एक्स-रेवाला भेटतो. डॉक्टरने पुढल्या सोमवारी बोलावलंय. सातबारावाल्याचा साहेब आज रजेवर होता. तुम्ही काय काम केलंत, असं एक्स-रेवाला विचारतो आणि तुम्हाला नीट सांगता येत नाही. हाताला ओल्या मातीचा वास येतोय.

भंडाऱ्याला पूल असतो. साकोलीला चहा. रायपूरकडे जाणारे ट्रक ओळीने. देवरीला गाडी महामार्ग सोडून उजवीकडे वळते, 174 मैलांचा तो रस्ता तसाच सरळ पुढे जातो, आणि खिडकीतून पुन्हा तणसाचा वास येऊ लागतो.